मिल्टन कीन्सला बघण्यासारखं काय आहे?

"मिल्टन कीन्स? तिथे काय आहे बघण्यासारखं?"

गेल्या महिन्याभरात हा प्रश्न मला पाच जणांनी विचारला. त्यातले दोघे इंग्लंडमध्ये राहतात, एक पुण्यात, एक ठाण्यात, आणि पाचवी माझी सख्खी मावशी. मावशीने तर पुढे विचारलं, "अरे, तीन आठवडे एकटा युरोप हिंडलास आणि त्यातला एक अख्खा दिवस असा वाया घालवलास?"

मावशीशी वाद घालायची आमच्या घरात पद्धत नाही. म्हणून तो वाद इथे घालतो.

आधी मी तिथे कसा पोचलो ते सांगतो. मिल्टन कीन्सची ओढ लागून गेलो असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. रेल्वेचा पास काढून व्हिएन्ना, प्राग, ब्रसेल्स करत लंडनला आलो होतो. स्कॉटलंडमधली खोली सोमवारपासून होती आणि मधला रविवार मोकळा पडला होता. लंडनमधल्या हॉटेलांचे दर बघून डोळे पांढरे झाले. लंडनच्या यूस्टन स्टेशनपासून उत्तरेला ऐंशीएक किलोमीटरवर, जलद गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर मिल्टन कीन्स आहे. तिथल्या कंपन्यांच्या कामासाठी येणाऱ्यांची हॉटेलं शनिवार-रविवारी ओस असतात, म्हणून स्वस्त. खिशाने मला तिथे नेलं. "एक दिवस झोपू, कपडे धुऊ, पुढे जाऊ," एवढाच बेत होता.

दुपारपर्यंत कपडे धुऊन झाले आणि मी बाहेर पडलो.

या गावाची खुद्द इंग्रज लोक टिंगल करतात. 'काँक्रीटच्या गाईंचं गाव' म्हणतात. गाई खरंच आहेत. १९७८ मध्ये लिझ ले नावाच्या शिल्पकर्तीने तीन गाई आणि तीन वासरं बनवली, ती गावाला कायमची चिकटली. २३ जानेवारी १९६७ रोजी सरकारने सुमारे ८९ चौरस किलोमीटर जमिनीवर रेघ मारली आणि इथे नवं शहर होईल असं जाहीर केलं. आत ब्लेचली, वुल्व्हर्टन, स्टोनी स्ट्रॅटफर्ड ही जुनी गावं होती, डझनभर खेडी होती, आणि त्यातल्याच एका चिमुकल्या खेड्याचं नाव मिल्टन कीन्स. रस्ते चौकटीच्या कागदासारखे, साधारण किलोमीटरभर अंतराने. आडव्यांना एच आणि उभ्यांना व्ही, वर नंबर. चौकाचौकात राउंडअबाउट, सगळे मिळून शंभराच्या वर. शाळेत आलेखाचा कागद आवडणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचूनच बरं वाटलं, पण कवीमनाच्या माणसाला रडू येईल हेही कबूल करतो.

तर मी स्टेशनवरून निघालो आणि पूर्वेला विलेन तलावापर्यंत चालत गेलो. चारपाच किलोमीटर असेल. एकही सुंदर इमारत दिसली नाही. काचेचा लांबलचक बाजार होता, १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी उद्घाटन केलेला. मग एक मोठी बाग, कालवा, झाडं, घरांच्या मागच्या भिंती. बाजाराची पाटी वाचत असताना गुडघ्याएवढा एक पांढरा सहाचाकी डबा माझ्या शेजारून शांतपणे निघून गेला. घरपोच किराणा देणारा यंत्रमानव. २०१८ पासून ते या गावात हिंडतात. आपल्याकडे हा डबा किती मिनिटं टिकेल, असा टिपिकल विचार माझ्या मनात आला. पण तो चुकीचा होता. डबा चोरीला जाईल की नाही हा मुद्दाच नाही. त्या डब्याला चालायला जागाच मिळणार नाही, हा मुद्दा आहे.

तलाव आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की वाटेत एकही मोठा रस्ता मी गाड्यांच्या मधून ओलांडला नव्हता. एकदाही थांबलो नव्हतो, मान वळवून बघितलं नव्हतं, हात दाखवून पळालो नव्हतो. ताशी साठ-सत्तर मैलांनी गाड्या जातात असे रस्ते मध्ये होते, पण ते कधी माझ्या डोक्यावरून गेले, कधी पायाखालून. मी आपला सरळ चालत होतो.

या वाटांना तिथे 'रेडवे' म्हणतात, कारण त्यांचं डांबर लाल असतं. चालणारे आणि सायकलवाले यांच्यासाठी. सगळ्या मिळून सुमारे ३०० किलोमीटर. त्यावरून मुलं एकटी सायकलवर चालली होती. एक गृहस्थ बॅटरीच्या खुर्चीतून कुत्र्याला फिरवत होते. कुणालाच त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

तलावाकाठी पॅगोडा आहे, निप्पोनझान म्योहोजी पंथाच्या बौद्ध भिक्षूंनी १९८० मध्ये बांधलेला, पाश्चात्त्य जगातला अशा प्रकारचा पहिला. (मावशी, हे 'बघण्यासारखं' आहे. लिहून ठेव.) त्याच्या जवळच्या बाकावर नऊवारी नव्हे, पण साधी सुती पाचवारी, त्यावर स्वेटर आणि पायात पांढरे बूट अशा एक आजी बसल्या होत्या. मी फोनवर मराठीत बोलत होतो ते ऐकून त्यांनी हाक मारली, "कुठला रे तू?"

आजी डोंबिवलीच्या. मुलाकडे नातवासाठी आल्या होत्या, महिना-दीड महिना झाला होता. मी विचारलं, "एकट्याच आलात? लांब आहे का घर?"

"असेल दीड-दोन मैल. रोज येते. आमच्याकडे मला कोपऱ्यावर भाजीला जाऊ देत नाहीत रे. मागच्या वर्षी रिक्षाने उडवलं, तेव्हापासून सून म्हणते, आई, मी आणते. इथे आले तर मुलगा म्हणाला, जा हवं तिथे, लाल रस्ता सोडू नकोस म्हणजे झालं."

मी म्हटलं, "मग मजा आहे तुमची."

"मजा कसली. चालायला वाट आहे, पण वाटेत बोलायला कोणी नाही. सकाळपासून तूच पहिला."

मग त्यांनी मला अर्धा तास बोलतं केलं. पगार आणि लग्न दोन्ही काढून घेतलं. असो.

पण आजींचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पंचाहत्तरीच्या आसपासची, इंग्रजी जेमतेम येणारी बाई परक्या देशात मैलोगणती एकटी हिंडते. आणि जिथे आयुष्य गेलं, जिथली भाषा, देऊळ, भाजीवाली ओळखीची, तिथे तिला कोपऱ्यावर जायची बंदी. ही बंदी सुनेने घातलेली नाही. ती रस्त्याने घातली आहे.

आता माझं भांडण सुरू होतं.

पहिलं भांडण 'बघण्यासारखं' या शब्दाशी. आपल्याकडची युरोप सहल म्हणजे पंधरा दिवसांत दहा देश. मी इंजिनिअर माणूस, हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. दहा देश म्हणजे निदान नऊ वेळा बॅग भरणं, नऊ वेळा हॉटेल सोडणं. पॅरिस ते लुसर्न सहाएकशे किलोमीटर बस, म्हणजे तो दिवस गेला. उरलेल्या वेळात मनोरा, धबधबा, बर्फ, घड्याळाचं दुकान आणि रात्री पनीर. त्या बसच्या खिडकीबाहेर जे युरोप असतं, म्हणजे ज्या गावांत युरोपातली बहुतेक माणसं खरोखर राहतात ते, त्याला सहलीच्या पत्रकात नाव नसतं. ते फक्त 'प्रवास' असतं. बघायच्या दोन गोष्टींमधला अडथळा.

मग घरी आल्यावर आपण काय सांगतो? "काय स्वच्छता! काय शिस्त! आपल्याकडे हे कधी होणार नाही." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय, आणि परदेशात आल्यावर पहिली दोन वर्षं मीही म्हटलंय. आज मला ते आळशी वाटतं. मनोरा बघून शिस्त कुठून आली ते कळत नाही. ते कळतं एका कंटाळवाण्या रविवारी, ज्या गावात काही नाही अशा गावात, पायी चालून. आणि मग समजतं की यात 'गोऱ्यांच्या रक्ताचा' काही संबंध नाही. कुणीतरी कागदावर एक निर्णय घेतला होता आणि पुढच्या लोकांनी तो मोडला नाही, एवढंच.

उदाहरण घ्या. माणसाने रस्ता ओलांडायचा कसा? ट्रक जायला पाच-साडेपाच मीटर उंची मोकळी लागते. माणसाला अडीच मीटर पुरते. म्हणजे माणूस गाडीच्या वरून न्यायचा तर त्याला सहा मीटर चढवावं लागतं, चाळीस पायऱ्या. खालून न्यायचा तर त्याच्या निम्मंच अंतर. आणि रस्ताच थोडा भराव घालून उचलला, तर माणसाला जवळपास काहीच चढ-उतार राहत नाही, सगळी चढाई इंजिन करतं. मिल्टन कीन्समध्ये बऱ्याच ठिकाणी हे दिसतं. उतार इतका सौम्य की खुर्चीची चाकं जातात.

आपण काय केलं? २००८ पासून मुंबई महानगरात स्कायवॉक उभे केले. पेट्रोल जाळणारा खाली सपाट, आणि गुडघे जाळणारा चाळीस पायऱ्या वर. मग 'लोक स्कायवॉक वापरत नाहीत, लोकांना शिस्त नाही' म्हणायला आपण मोकळे. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे सबवे पावसात भरतात. बरोबर आहे, अंधेरी आणि मिलन सबवे दर पावसाळ्यात बातम्यांत असतात. म्हणून तर म्हणतो, नक्कल नको. जिथे खाली पाणी भरतं तिथे रस्ता उचला, तेही परवडत नसेल तर सरळ सिग्नल बसवा आणि गाडीला थांबवा. मुद्दा भुयाराचा नाहीच. त्रास कुणी सोसायचा, चालणाऱ्याने की गाडीने, हा प्रश्न कुणीतरी आधी विचारला होता का, एवढाच मुद्दा आहे.

याची किंमत आकड्यांत आहे. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर ३२,८२५ पादचारी मेले, हा सरकारचाच आकडा. त्याच वर्षी ग्रेट ब्रिटनमध्ये ३८५. लोकसंख्येचा फरक धरला तरी आपलं प्रमाण त्यांच्या जवळजवळ चौपट येतं, आणि तेही माणशी गाड्या त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी असताना. मेलेल्यांत मोजल्या न गेलेल्या आजी वेगळ्याच, ज्या घराबाहेरच पडत नाहीत.

"पण त्यांच्याकडे पैसा आहे, जागा आहे. आपल्याकडे कुठे कोऱ्या कागदावर शहर काढायला मिळतं?"

मिळालं होतं की! आणि अगदी त्याच काळात. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या मुंबईची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झालं. म्हणजे मिल्टन कीन्सनंतर फक्त तीन वर्षांनी. जमीन तिच्या जवळपास चौपट, ३४४ चौरस किलोमीटर, ९५ गावांची. कल्पना मांडणारे तिघेही आपलेच आणि बुद्धीने कुणापेक्षा कमी नव्हते.

पुढे काय झालं? सरकारी कचेऱ्या खाडीपलीकडे जातील असं योजनेत होतं, पण मंत्रालय हललं नाही आणि नरिमन पॉइंटला भराव व टॉवर चालूच राहिले. वाशीला लोकल पोचली १९९२ मध्ये, सिडकोनंतर बावीस वर्षांनी. (मिल्टन कीन्सच्या मध्यवर्ती स्टेशनलाही १९८२ उजाडलं, पंधरा वर्षं. उशीर त्यांनाही चुकला नाही.) आणि ज्या आगरी-कोळी गावांच्या शेतांवर हे शहर उभं राहिलं, त्यांना न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरावं लागलं. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे जीव गेले, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा मार्ग निघाला. म्हणून 'आपल्याकडे कोरा कागद नाही' हे कुणी म्हटलं की मला राग येतो. कागद होता. तो कोरा नव्हता, त्यावर माणसं राहत होती, आणि त्यांनी मोठी किंमत मोजली. एवढी किंमत मोजून मिळालेल्या शहरात निदान त्यांच्या नातवंडांना निर्धास्त चालता यायला हवं होतं, ही अपेक्षा फार आहे का?

आणखी एक गोष्ट. १९९२ मध्ये मिल्टन कीन्सचं विकास महामंडळ बरखास्त झालं. प्रश्न आला, एवढ्या बागा, तळी, झाडं सांभाळायची कुणी? पुढे पैशाची चणचण आली की पहिली कात्री बागेवर आणि पहिला डोळा मोकळ्या भूखंडावर, हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून एक स्वतंत्र न्यास काढला, जमीन ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने त्याला दिली, आणि सोबत उत्पन्न देणाऱ्या व्यापारी इमारती दिल्या. त्यांच्या भाड्यावर आज सुमारे ६००० एकर हिरवळ चालते. त्याच १९९२ सालच्या १ जानेवारीला नवी मुंबई महानगरपालिका जन्माला आली. मैदानांचे आणि बागांचे भूखंड वाचवायला आपल्याकडच्या नागरिकांना कोर्टाच्या किती पायऱ्या चढाव्या लागतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल की हा मिल्टन कीन्सचा जाहिरातदार झाला.

हे गाव गाडीवाल्यांसाठी काढलेलं आहे, यात शंका नाही. बसचे हाल आहेत; रविवारी तर मी स्टॉपवर उभा राहून दोनदा वेळापत्रक वाचलं आणि चालू लागलो. लाल वाटा वळणं घेत जातात, त्यामुळे रस्त्याने जवळ असलेलं ठिकाण पायी लांब पडतं. अंधार पडल्यावर त्या भुयारांतून जाताना मलाच दोनदा मागे वळून बघावंसं वाटलं, बायकांना काय वाटत असेल. दाटीवाटी नाही म्हणून धोका नाही, पण दाटीवाटी नाही म्हणून सोबतही नाही. आजी तेच सांगत होत्या. डोंबिवलीच्या कोपऱ्यावर जी वीस ओळखीची माणसं भेटतात, ती कुठल्याच आराखड्यातून येत नाहीत. आपल्याकडे ती आहेत. आपण त्यांच्यात आणि आजींमध्ये एक रस्ता आणून टाकलाय, एवढंच.

आणि म्हणूनच 'त्यांची लोकसंख्या कमी' ही सबब उलटी आहे. तीन लाखांच्याही आत माणसं असलेल्या, गाडीवेड्या गावाने चालणाऱ्यांसाठी ३०० किलोमीटर वाट केली. जिथे बहुतेक लोक रोज पायीच स्टेशन गाठतात, तिथे ती जास्त हवी की कमी?

राहता राहिला मावशीचा मूळ प्रश्न. "आयुष्यात एकदा युरोपला जायचं, दीड-दोन लाख घालायचे, आणि आयफेल टॉवर सोडून असलं गाव बघायचं?"

नाही मावशी. टॉवर जरूर बघ. मीही बघितला, मलाही आवडला. माझं म्हणणं एवढंच की पंधरा दिवसांतला एक दिवस रिकामा ठेव. कुठल्याही नाव नसलेल्या गावात. यादी नको, गाईड नको. तिथल्या बसमध्ये बस, भाजी घे, बाकावर बस, आणि म्हातारी माणसं, मुलं आणि बाबागाडीवाल्या आया रस्ता कसा ओलांडतात ते बघ. त्या दिवसाचे फोटो चांगले येणार नाहीत. पण परत आल्यावर तुझ्या नगरसेवकाला काय विचारायचं ते तुला त्या दिवशी कळेल.

नगरसेवकांवरून आठवलं. आपल्या पालिकांचे परदेश अभ्यासदौरे निघतात. त्यांनाही माझी एक सूचना आहे, फुकट. मिल्टन कीन्सला न्या. स्टेशनवर प्रत्येकाच्या हातात एक बाबागाडी द्या आणि सांगा, तलावापर्यंत ढकलत जा. संध्याकाळी विमानाने परत आणा आणि दुसऱ्या दिवशी तीच बाबागाडी आपापल्या प्रभागात, आपापल्या स्टेशनपासून आपापल्या बागेपर्यंत ढकलायला लावा. अहवाल लिहायची गरज नाही.

सोमवारी सकाळी उत्तरेची गाडी पकडली. मावशीला फोटो हवा होता म्हणून एकच पाठवला: लाल वाट, वर रस्ता, खालून चाललेल्या एक आजी, पाठमोऱ्या.

तिचं उत्तर आलं, "यात काय बघायचंय? ही बाई कोण?"

घरी आलो की सांगेन म्हटलं.